गिरणीतले एक पान : चित्रकथेत शब्द आणि चित्र यांची कामे कशी वाटावीत

नव्याने चित्रकथा करणाऱ्यांच्या पानांत एक दोष हमखास सापडतो. चौकटीच्या वरच्या निवेदनाच्या पेटीत लिहिलेले असते, ‘बाहेर मुसळधार पाऊस पडत होता’. चित्रात पाऊस पडतच असतो. आणि खिडकीशी उभे असलेले पात्र फुग्यातून म्हणते, ‘बाप रे, केवढा हा पाऊस!’ एकच गोष्ट तीन तोंडांनी सांगितली जाते आणि त्या पात्राला पावसाची चिंता आहे की आनंद, घरी कोणी यायचे राहिले आहे की काय, हे मात्र कोणीच सांगत नाही. चित्र सुंदर असले आणि संवाद चटपटीत असले तरी असे पान जड वाटते, कारण शब्द आणि चित्र यांनी एकमेकांचे काम केलेले असते आणि स्वतःचे सोडून दिलेले असते.

हा लेख त्या कामाच्या वाटणीबद्दल आहे. त्यासाठी एक छोटा प्रसंग घेऊन, साध्या गद्यापासून अक्षरे बसवलेल्या तयार पानापर्यंत क्रमाने जाऊ. चित्रकथेवरची बहुतेक मार्गदर्शक पुस्तके रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेली असल्यामुळे देवनागरीचे प्रश्न त्यांत येतच नाहीत. म्हणून त्या भागावर येथे जरा जास्त रेंगाळलो आहे.

प्रसंग आधी गद्यात लिहून काढा

पेन्सिल हातात घेण्याआधी प्रसंग सात-आठ ओळींत, कोणतीही कलाकुसर न करता लिहावा. आपला प्रसंग असा : तालुक्याच्या गावातली पिठाची गिरणी. दुपारची वेळ. गिरणीवाल्या अण्णांची मुलगी त्यांच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन येते. पुण्याच्या कॉलेजच्या प्रवेशयादीत तिचे नाव लागले आहे आणि ते तिला अण्णांना सांगायचे आहे. गिरणी चालू असल्यामुळे तिचे बोलणे त्यांना ऐकू येत नाही. ती पुन्हा सांगते. तेवढ्यात गिऱ्हाईक मध्ये येते. मग वीज जाते, गिरणी थांबते, आणि सगळीकडे शांतता पसरते. आता ऐकू येईल अशी वेळ आल्यावर मात्र मुलगी तो विषय काढत नाही.

प्रसंग निवडताना त्यात ऐकण्याचे आणि पाहण्याचे असे दोन वेगळे धागे आहेत का, हे पाहावे. दोन माणसे खुर्चीत बसून अर्धा तास बोलतात, असा प्रसंग चित्रकथेत करता येतोच. पण शिकण्यासाठी तो वाईट, कारण त्यात चित्राला करण्यासारखे काही उरत नाही.

दोन रकाने करा

आता कागदाच्या मधोमध रेघ मारून डाव्या बाजूला जे नुसते पाहून कळेल ते लिहावे आणि उजव्या बाजूला जे शब्दांवाचून कळणारच नाही ते. गिरणी, पिठाने पांढरे झालेले अण्णा, मुलीच्या हातातला डबा आणि कागद, दुपारचे ऊन, वीज जाणे हे सगळे डावीकडे गेले. उजवीकडे काय राहिले? पुण्याचे कॉलेज, गिऱ्हाइकाची घाई, अण्णांचा प्रश्न आणि मुलीचे टाळणे. रकाने भरून झाल्यावर नवशिक्या माणसाला धक्काच बसतो, कारण ज्याला तो कथा समजत होता तिचा बराचसा भाग डावीकडे गेलेला असतो.

अमेरिकी चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 साली शब्द आणि चित्र यांच्या संयोगाचे सात प्रकार सांगितले. अभ्यासासाठी ते सगळे वाचावेत. टेबलाशी बसून काम करताना मात्र मला तीन प्रश्न पुरतात. हा शब्द चित्रात आधीच दिसते तेच सांगतो आहे का? तसे असेल तर तो खोडावा. हा शब्द चित्राला न सांगता येणारी भर घालतो आहे का? तसे असेल तर ठेवावा. आणि शब्द एक सांगत असताना चित्र काही वेगळेच दाखवत आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ येते ती जागा पानात सर्वांत मोलाची असते. आपल्या प्रसंगात अशी एकच जागा आहे, ती म्हणजे शेवट : मुलगी तोंडाने ‘जेवून घ्या’ म्हणते आणि तिचा हात प्रवेशयादीचा कागद डब्याखाली सरकवतो. यातले नुसते चित्र ठेवले तर तिने कागद का लपवला ते कळणार नाही, आणि नुसते वाक्य ठेवले तर ती काही टाळते आहे असे कोणाच्या मनातही येणार नाही. बाकीचे सगळे पान या एका चौकटीपर्यंत वाचकाला आणून सोडण्यासाठी आहे, हे ठरले की पुढचे निर्णय सोपे होतात.

चौकटी पाडा

ए-4 आकाराच्या उभ्या पानावर तीन ओळी आणि सहा चौकटी पुरेत. पहिली चौकट पानाच्या पूर्ण रुंदीची : दारातून दिसणारी गिरणी, आत अण्णा, उंबऱ्यात मुलगी. दुसऱ्या ओळीत तीन अरुंद चौकटी : मुलगी बोलते, अण्णा कानाला हात लावून ‘काय?’ विचारतात; मुलगी पुन्हा बोलू लागते आणि एका बाईचा डबा धरलेला हात कडेने चौकटीत घुसतो. तिसऱ्या ओळीत दोन रुंद चौकटी : एकीत थांबलेला पट्टा, दुसरीत अण्णा, मुलगी आणि डबा.

मधल्या ओळीतल्या अरुंद चौकटींमुळे वाचन भरभर होते आणि कोंडल्यासारखे वाटते. शेवटच्या ओळीत जागा मोकळी झाली की वाचकाची गतीही आपोआप मंदावते. वेळेचे हे काम चौकटीची रुंदी करते, म्हणून ‘थोड्या वेळाने’ किंवा ‘इतक्यात’ अशा पेट्या घालण्याचा मोह टाळावा. दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले ते वाचक स्वतः भरून काढतो. चौथ्या चौकटीत गिरणी चालू आहे आणि पाचवीत बल्ब विझलेला आहे, एवढे दाखवले की वीज गेली हे कळते. ‘अरे, लाइट गेली!’ असे कोणी म्हणण्याची गरज नाही, मग प्रत्यक्षात गिरणीतला प्रत्येक जण तसे म्हणत का असेना.

कच्च्या आराखड्यातच फुग्यांना जागा द्या

चित्र पूर्ण करून शाई भरून झाल्यावर राहिलेल्या जागेत फुगे कोंबणे, ही सवय सर्वांत आधी मोडावी. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पानाचा कच्चा आराखडा काढताना माणसे नुसत्या रेघांची असली तरी चालतात, पण प्रत्येक फुगा आणि त्यातला मजकूर मात्र खऱ्या प्रमाणात काढावा. जागा पुरत नसेल तर ते याच वेळी कळते, आणि याच वेळी वाक्य कापायला किंवा चौकट वाढवायला काही खर्च येत नाही.

मराठी वाचकाचा डोळा चौकटीत वरच्या डाव्या कोपऱ्यातून शिरतो आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडतो. म्हणून जो आधी बोलतो त्याचा फुगा वर आणि डावीकडे असावा. हे ऐकायला सोपे वाटते, पण त्याचा परिणाम पात्रांना कुठे उभे करायचे यावर होतो : आधी बोलणारे पात्र शक्यतो डावीकडे उभे करावे, नाहीतर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात. आपल्या सहाव्या चौकटीत अण्णा प्रश्न विचारतात आणि मुलगी उत्तर देते, म्हणून अण्णा डावीकडे. शेवटचा डोळ्याचा थांबा कागद सरकवणाऱ्या हातावर हवा, म्हणून मुलीचा फुगा उजवीकडे मध्यावर आणि हात त्याच्या खाली, अगदी कोपऱ्याजवळ. हाच फुगा हाताच्या खाली गेला तर वाचक हात पाहून झाल्यावर वाक्य वाचेल आणि मघाशी मोलाची म्हटलेली जागा वाया जाईल.

संवाद कापा

पहिल्या मसुद्यात मुलगी म्हणते : ‘अण्णा, तुम्हाला एक आनंदाची बातमी सांगायची आहे, पुण्याच्या कॉलेजच्या प्रवेशयादीत माझं नाव लागलं आहे.’ कोणतीही मुलगी गिरणीच्या आवाजात असे बोलणार नाही. दुसऱ्या मसुद्यात : ‘अण्णा, यादीत नाव लागलं! पुण्याच्या कॉलेजात!’ एका फुग्यात बारा-पंधरा शब्दांच्या वर आणि एका पानावर ऐंशी-नव्वद शब्दांच्या वर जायचे नाही, हा माझा स्वतःपुरता दंडक आहे. कधी तो मोडावा लागतो, पण मोडताना कारण सांगता आले पाहिजे.

मराठीत एक सोय अशी आहे की निवेदनाची भाषा आणि बोलण्याची भाषा कानालाच वेगळ्या वाटतात. पेटीत ‘नाव लागले’ आणि फुग्यात ‘नाव लागलं’ असे लिहिले की आकार न पाहताही कोण बोलते आहे ते कळते. हा भेद काटेकोरपणे पाळावा. अण्णांच्या तोंडी ‘तू काय म्हणत होतीस?’ असे पूर्ण वाक्य घालण्याऐवजी ‘हं, काय म्हणत होतीस?’ पुरते, क्रियापदातच कर्ता असल्यामुळे मराठी संवादात सर्वनामे सर्रास गाळता येतात. गिऱ्हाईक बाई तर नुसते ‘पोळ्यांचं आहे, बारीक दळा’ म्हणते. गहू, दळण, डबा हे शब्द तिने उच्चारायचे कारणच नाही, कारण ते सगळे तिच्या हातात दिसते आहे.

निवेदनाच्या पेट्यांबद्दल थोडेसे. 1967 साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या अमर चित्र कथेवर आपल्याकडच्या अनेक पिढ्या वाढल्या, आणि त्या पुस्तकांत पेटीवर बराच भार असे. एका आयुष्याची किंवा एका पुराणकथेची गोष्ट मोजक्या पानांत बसवायची तर वर्षे ओलांडण्यासाठी पेटी लागतेच, त्यामुळे तेथे ते क्षम्य आहे. मात्र एका दुपारच्या दहा मिनिटांच्या प्रसंगातही केवळ सवयीने पेट्या येत असतील तर त्या काढाव्यात. गिरणीच्या पानावर एकही पेटी नाही. याउलट 1991 साली ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या ‘चिंटू’सारख्या रोजच्या पट्टीकडे पाहावे. मोजक्या चौकटींच्या अशा पट्टीत पेटीला जागा देणे परवडतच नाही, आणि म्हणूनच संवाद कापायला शिकण्यासाठी पट्टी हा उत्तम अभ्यास आहे.

चित्राच्या आतली अक्षरे

फुगा आणि पेटी यांखेरीज आणखी एक मजकूर असतो, तो म्हणजे चित्रातल्या वस्तूंवरचा : पाट्या, कॅलेंडर, पत्रे, मोबाइलचा पडदा. आपल्या पानात त्याची फार गरज आहे, कारण गिरणीच्या आवाजात मुलीचे बोलणे अण्णांना ऐकू जाऊ नये पण वाचकाला ते कळावे, असा पेच आहे. तो सोडवण्यासाठी दुसऱ्या चौकटीत तिच्या हातातल्या कागदावर ‘प्रवेशयादी’ एवढा एकच शब्द वाचता येईल असा ठेवावा. बाकीच्या ओळी नुसत्या रेघा असाव्यात. वाचता येण्याजोगी दुसरी ओळ असली की डोळा तिथे अडकतो.

नादशब्द : गिरणीचा घर्रर्र

मराठी माणसाजवळ आवाजांचे शब्द भरपूर आहेत : धपकन, खळ्ळकन, सळसळ, टपटप, चर्रर्र. तरीही आपल्या चित्रकथांत ‘बूम’ आणि ‘क्रॅश’ वापरले जातात याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. नादशब्द हा अर्धा शब्द आणि अर्धे चित्र असतो, त्यामुळे तो फॉन्टमधून टंकित करू नये. चित्रासोबत हातानेच काढावा.

गिरणीचा आवाज ‘घर्रर्रर्र’ असा ठरवला. आता देवनागरीची शिरोरेषा कामाला येते. पहिल्या चौकटीत मोटरीपासून जात्याकडे जाणारा पट्टा आहे. त्या पट्ट्याची वरची रेघच नादशब्दाची शिरोरेषा करावी आणि अक्षरे त्या पट्ट्याला लटकलेली काढावीत. ही रेघ चौकटीच्या कडा ओलांडून दुसऱ्या ओळीतल्या तिन्ही चौकटींच्या मागून पुढे जाते, म्हणजे आवाज एका चौकटीत कोंडलेला न राहता सगळ्या पानावर पसरतो. तिसऱ्या ओळीत वीज जाते. मोटर बंद झाली तरी गिरणीचे जाते लगेच थांबत नाही, वेगाच्या जोरावर काही क्षण फिरत राहते. म्हणून पाचव्या चौकटीच्या डाव्या कडेला अक्षरे लहान होत जातात, ‘घर्र… घर… र’, आणि शिरोरेषा मध्येच संपते. त्यापुढचा चौकटीचा भाग कोरा ठेवावा. ‘शांतता’ असे लिहिणे किंवा ठिपक्यांचा फुगा घालणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. इतका वेळ चाललेली रेघ तुटल्यावर वाचकाला शांतता दिसते.

आवाजाखाली मुलीचे बोलणे बुडवायचे तेव्हा लिपीचा आणखी एक गुण लक्षात घ्यावा. रोमन अक्षरांची ओळख बरीचशी त्यांच्या वरच्या अर्ध्या भागावर ठरते. देवनागरीत वर शिरोरेषा सारखीच असते आणि अक्षराचा वेगळेपणा तिच्याखाली असतो. त्यामुळे फुग्यातल्या ओळीचा वरचा भाग नादशब्दाने झाकला तर ती बऱ्यापैकी वाचता येते. खालचा भाग झाकला तर जवळजवळ वाचता येत नाही. दुसऱ्या चौकटीत वाचकाला थोडे कळायला हवे, म्हणून ‘पुण्याच्या’ हा शब्द वरून झाकावा. चौथ्या चौकटीत तिचा सबंध फुगा खालून वर गिळून टाकावा, फक्त ‘अण्णा’ तेवढे शिल्लक ठेवावे.

फुग्याचा आकार

साधे बोलणे गोल किंवा लंबगोल फुग्यात, ओरडणे टोकदार कडांच्या फुग्यात, मनातले विचार ढगासारख्या फुग्यात, ही परंपरा सर्वांना माहीत आहे आणि बहुतेक वेळा ती पुरते. पण आकाराला याहून मोठे काम देता येते हे पाहायचे असेल तर ‘भीमायन’ हे पुस्तक समोर ठेवावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरची ही चित्रकथा ‘नवयान’ने 2011 साली प्रकाशित केली. तिची चित्रे परधान गोंड या आदिवासी चित्रपरंपरेतल्या दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची आहेत. त्यांत मृदू, माणुसकीने बोललेले शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात येतात. जातीचे विष ओकणाऱ्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. आणि मनातल्या विचारांच्या फुग्यात एक डोळा काढलेला असतो. माणसांना बंद चौकटींत कोंडणे चित्रकारांना मान्य नव्हते, म्हणून पाने घरांच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या दिगना नक्षीच्या वळणदार पट्ट्यांनी विभागलेली आहेत. महाडच्या चवदार तळ्यासारखा प्रसंग आपल्या सर्वांना पाठ्यपुस्तकातून ठाऊक असतो. या पुस्तकात मात्र कोणते वाक्य डंख करते आणि कोणते जवळ घेते, हे ते वाक्य वाचण्याच्या आधीच फुग्याच्या आकारावरून कळते.

यातून घ्यायचे ते एवढेच, की आकाराचा अर्थ त्या कथेतून यावा आणि तो शेवटपर्यंत बदलू नये. पक्षी आणि विंचू उचलून गिरणीत आणू नयेत. आपल्या पानात अण्णांच्या फुग्याची कड पिठासारखी विरळ, ठिपक्यांची करता येईल; पण मग त्यांचे सगळेच फुगे तसे हवेत, आणि मुलीचा एकही नको.

अक्षरे बसवणे

आता सर्वांत दुर्लक्षित काम. हाताचे अक्षर सुवाच्य असेल तर हातानेच लिहावे. त्याची सर फॉन्टला येत नाही. फॉन्ट वापरायचाच असेल तर अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ हा हस्ताक्षरासारखा फॉन्ट फुग्यांना शोभतो, आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘बलू’ लहान मुलांच्या कथांना. त्याच संस्थेचा ‘मोदक’ अतिशय जाड आहे; नादशब्दाचा साचा म्हणून त्याच्यावरून गिरवायला हरकत नाही. तिन्ही विनामूल्य मिळतात.

देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार खाली येतात, त्यामुळे दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर लागते. अक्षरे 12 पॉइंटची असतील तर ओळींचे अंतर 16 ते 17 पॉइंट ठेवून पाहावे. वरच्या ओळीतला ‘कू’ आणि खालच्या ओळीतला ‘र्की’ एकमेकांना टेकत नाहीत ना, ही खरी परीक्षा.

फुग्याची रुंदी सर्वांत लांब शब्दावर ठरते, आणि मराठीत विभक्ती व शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटत असल्यामुळे ‘प्रवेशयादीतल्यांनासुद्धा’ असा एकच शब्द फुगा फाडू शकतो. तो संयोगचिन्हाने तोडू नये, वाक्यच बदलावे. ओळी मात्र अर्थ पाहून तोडाव्यात. ‘पोळ्यांचं आहे, / बारीक दळा’ हे बरोबर. ‘पोळ्यांचं / आहे, बारीक / दळा’ हे वाचताना ठेच लागते. फुग्याच्या मधल्या ओळी लांब आणि वरखालच्या आखूड असल्या की गोलात मजकूर नीट बसतो.

जोर दाखवण्यासाठी रोमन लिपीत मोठी लिपी किंवा तिरपी अक्षरे असतात. देवनागरीत पहिली सोय नाहीच, आणि तिरपी अक्षरे शिरोरेषेमुळे घसरल्यासारखी दिसतात. जाडी आणि आकार ही दोन साधने वापरावीत, तीही एका फुग्यात एकाच शब्दावर.

संगणकावर काम करणाऱ्यांनी सुरुवातीलाच ‘दुसऱ्या’, ‘क्षितिज’, ‘पुण्याच्या’, ‘हृदय’ हे शब्द टंकून पाहावेत. जोडाक्षरे तुटत असतील किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला जात असेल तर अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये परिच्छेदाच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी हा पर्याय निवडावा लागतो. इंकस्केप या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये हा त्रास होत नाही. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श निराळे दिलेले असतात. मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी ठेवली की ते मिळतात. अक्षरे चित्राच्या थरात मिसळून टाकू नयेत, स्वतंत्र थरात ठेवावीत, म्हणजे छपाईला ती धारदार राहतात आणि चूक सापडल्यास दुरुस्तही करता येतात.

पान तपासा

पान पूर्ण झाल्यावर दोनदा छापावे : एक प्रत फुगे आणि कागदावरच्या शब्दाची जागा रिकामी ठेवून आणि एक प्रत चित्रे पुसून नुसत्या अक्षरांची. कथा माहीत नसलेल्या माणसाला आधी पहिली प्रत द्यावी. त्याला गिरणी, बाप, मुलगी, काहीतरी सांगायचे राहणे आणि कागद लपवणे हे कळले पाहिजे. काय सांगायचे राहिले ते कळता कामा नये. दुसऱ्या माणसाला अक्षरांची प्रत द्यावी. त्याला एक बिनमहत्त्वाचा, अर्धवट ऐकू येणारा संवाद मिळाला पाहिजे. यांपैकी कोणत्याही एका प्रतीवरून सगळी कथा कळत असेल तर दुसरीकडचे काहीतरी जास्त झाले आहे. परत दोन रकान्यांकडे जावे आणि तेथून खोडायला लागावे.

शेवटची तपासणी आकाराची. पान मोबाइलवर वाचले जाणार असेल तर ते मोबाइलवरच, न वाढवता, उघडून पाहावे. तेथे कागदावरची ‘प्रवेशयादी’ ही अक्षरे वाचता येत नसतील तर दुसऱ्या चौकटीत कागद पुढे आणून मोठा करावा, मुलीचा चेहरा थोडा कापला गेला तरी चालेल.